शालनताईचं शूटिंग

आमच्या घरात शालनताईचा फोटो नाही. भिंतीवर हार घातलेले आमचे वडील, आप्पा, आहेत, आजी-आजोबा आहेत, मामाच्या लग्नातला माझा पेंगुळलेला चेहरा आहे, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचासुद्धा एक आहे, का ते विचारू नका. माझी सख्खी मोठी बहीण तेवढी नाही. आमच्या लहानपणी फोटो काढायचा तो लग्नात, आणि ताईचं लग्न व्हायचं राहिलं. शाळेतला एक होता. त्यात बाईसाहेब मागच्या रांगेत, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणाशी तरी बोलायला वळलेल्या, म्हणून नुसती वेणी आली. आई त्या वेणीवर बोट ठेवून पाव्हण्यांना सांगायची, "ही बघा माजी शालन." पाव्हणे बिचारे मान हलवायचे. वेणीला काय बघणार?

तसा ताईचा एक फोटो निघाला होता. चांगला रंगीत, समोरून काढलेला. आईने तो हातात धरला होता आणि परतही दिला होता. तो अमेरिकेला गेला. आईचं पुढचं सगळं आयुष्य त्या फोटोची वाट बघण्यात गेलं, आणि तिच्याबरोबर थोडंफार माझंही. म्हणून आधी तेच लिहिते. माझ्या शाळेचं, लग्नाचं वगैरे कुणाला वाचायचंय? मलाच नाही.

आम्ही पेणजवळच्या हमरापूरचे, गणपती बनवणारे. पुढच्या खोल्यांत गणपती आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. गणपतींना नेहमी आमच्यापेक्षा जास्त जागा मिळायची. घराला आम्ही घर म्हणतच नसू, कारखाना म्हणायचो. सकाळी जाग यायची ती मूर्तीवर पॉलिश पेपर घासण्याच्या आवाजाने, आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ. भाकरीत कचकच लागली की आप्पा म्हणायचे, "खा, पोटात गणपती होईल." आई खाडीकडची, मिठागरावर वाढलेली. तिच्या माहेरच्या बोलीत ळ नव्हता, ण नव्हता, पण आवाज मात्र होता. बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावात ऐकू जाईल असा. ती निवट्यांचं कालवण करायची, आंबटगोड कैरी घालून, आणि रंगाच्या वासातूनही तो वास वर यायचा. आता निवट्या कुणी आणत नाही. सून म्हणते, कसले ते चिखलातले मासे. मी गप्प बसते, नाहीतर मग माझं तोंड सुटतं.

कारखान्यात सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंग रंगवून झालं की डोळ्यांच्या जागी आधी पांढरा रंग भरून ठेवायचा, आणि मग एका श्वासात काळी रेघ, पापणी, बुबुळ. आमच्याकडे आखणी ताईची. आप्पांचा हात अंगाच्या रंगाला गोड होता, पण डोळे काढायचं त्यांनी ताई जरा मोठी झाली तशी बंद केलं. "माझे गणपती समोर बघतात, शालनचे आपल्याकडे बघतात," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. ताई आखणीला बसली की रेडिओ बंद. आई चुलीवरची कढई उतरवून ठेवायची, फोडणीचा आवाज नको म्हणून. मला खोकलासुद्धा बाहेर जाऊन काढावा लागे. आणि घराचा एक नियम होता, आप्पांच्या आजोबांपासूनचा: एकदा उघडलेला डोळा पुसायचा नाही. रेघ चुकली तर त्या मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकून ती कोपऱ्यात ठेवायची आणि नंतर खाडीत सोडायची. कितीही नुकसान होवो. ताईच्या हातून तशी मूर्ती मी क्वचितच पाहिली.

त्या वर्षी होळीनंतर सिनेमावाले आले. मुंबईचे नव्हे, थेट हॉलिवूडचे. पेणच्या बाजारात जो तो तेच बोलत होता. मिठागराच्या कडेला त्यांनी आख्खं गाव उभारलं, कुडाच्या भिंतींचं, पुढून घर आणि मागून नुसत्या बल्ल्या. जनरेटरचा आवाज आमच्या कारखान्यापर्यंत यायचा. गोष्ट इंग्रजांच्या काळातली होती. एक गोरा इंजिनिअर रेल्वेचा पूल बांधायला येतो, मूर्ती घडवणाऱ्या एका विधवेवर त्याचा जीव जडतो, पूल कोसळून तो मरतो, आणि शेवटी ती बाई अपुऱ्या राहिलेल्या गणपतीचे डोळे काढून त्याला खाडीत सोडते. आप्पा म्हणाले, "ह्यात हसायचं कुठं हाय?" मुंबईचा मॅनेजर म्हणाला, "हसायचं नाही हो, ड्रामा आहे." विधवेचं काम करणारी नटी अमेरिकेतली, फार मोठी. रोज सकाळी तिला मानेपासून पावलांपर्यंत तपकिरी रंग लावायचे, आणि घाम आला की ओघळ. ताईला त्याचं भारी हसू यायचं. "आपण गणपतीला एकदाच रंगवतो गो नंदे," मला म्हणायची, "हिला रोजच्या रोज."

मॅनेजर आमच्याकडे आला तो मूर्तींसाठी. त्याने ताईला आखणी करताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी डिरेक्टरला घेऊन आला. उंच, हडकुळा, डोक्यावर पंचा बांधलेला गोरा. तो ताईच्या मागे उभा राहिला आणि तिने डोळा पुरा करेपर्यंत हलला नाही. मग ठरलं असं की डोळे काढतानाचे हात ताईचे घ्यायचे, तोंड नटीचं. त्याआधी नटीने स्वतः करून पाहिलं होतं. ताईने तिचा हात धरून शिकवलंही. गणपती असा काही तिरळा झाला की ती बाई स्वतःच खो खो हसली, आणि ताईच्या गालाला हात लावून काहीतरी म्हणाली. वाईट नव्हती ती. पण आई हटून बसली. "निस्ते हात? माज्या पोरीला तोंड नाय काय?" हे मॅनेजरने डिरेक्टरला सांगितलं. डिरेक्टर हसला आणि म्हणाला, ठीक आहे, हिचाही चेहरा घेऊ, मूर्तीवरून मान वर करून बघते असा. आई त्या दिवसापासून जमिनीवर चालेना. बाजारात मासे घेताना कोळणीलासुद्धा सांगून आली.

शूटिंगच्या दिवशी आम्ही सगळे गेलो. ताईला पांढरी साडी नेसवली, कारण नटीची तशी होती, आणि हातातल्या बांगड्या काढल्या. तिथे एक लालसर केसांची तरुण गोरी बाई होती. आम्ही तिला फोटोवाली म्हणायचो. पदर कुठल्या खांद्यावर होता, केस कसे होते, हे उद्याच्या शूटिंगला सारखं यावं म्हणून ती दर वेळी फोटो काढून ठेवी. तिच्या डब्यासारख्या कॅमेऱ्यातून फोटो लगेच बाहेर यायचा. काम सुरू व्हायच्या आधी तिने ताईला मूर्तीजवळ उभं केलं, कुंचला हातात दिला आणि फोटो काढला. कोऱ्या कागदावर ताई हळूहळू उमटायला लागली तशी आई धावलीच. "अगो बया! शालन गो, बघ कशी दिसतंस!" तिने तो दोन्ही हातांत धरला, आप्पांना दाखवला, मला दाखवला. मॅनेजर म्हणाला, "मावशी, तो कामाचा आहे. शूटिंग संपलं की देतो." आईने दिला.

मग काम सुरू झालं, आणि तिथेच घोटाळा झाला. ताईने एका श्वासात डोळे काढले. आम्हाला वाटलं झालं. पण डिरेक्टर म्हणाला, पुन्हा. कधी उजेड गेला, कधी कॅमेऱ्याची काच तापली, कधी त्याचं त्यालाच ठाऊक. आप्पांनी जास्तीच्या मूर्ती नेल्या होत्या. एकेक करून त्या संपल्या, आणि डिरेक्टर म्हणाला, पुन्हा. मॅनेजर म्हणाला, "पुसा आणि परत काढा, त्यात काय?" आप्पा उठून उभे राहिले. "आमच्यात पुसत नाय." मॅनेजरने हात जोडले, गोऱ्या लोकांची आपसात कुजबुज झाली. ताई उन्हात तशीच बसून होती, घामाघूम, कुणाकडेही न बघता. डिरेक्टरने घड्याळ पाहिलं, आणि मॅनेजर म्हणाला, हे राहिलं तर चेहऱ्याचं पण राहील. तेव्हा आई पुढे झाली. "पूस गो शालन. पूजेतला थोडाच हाय? खेलातला गनपती." ताईने आप्पांकडे पाहिलं. आप्पा तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिले. ताईने ओलं फडकं घेतलं आणि पुसले. पुन्हा काढले. पुन्हा पुसले. संध्याकाळी उतरत्या उजेडात तिचा चेहरा घेतला, मान वर करून बघताना. डिरेक्टरने टाळ्या वाजवल्या. घरी येताना ताई बैलगाडीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आई मला म्हणाली, "दमली पोर." रात्री ताई जेवलीही नाही.

पुढच्याच आठवड्यात ती अंथरुणाला खिळली. उलट्या, अन्नाचा वास नको, आणि मग डोळे हळदीसारखे पिवळे. कावीळ. आमच्याकडे काविळीला झाडपाल्याचं औषध देणारे पुष्कळ, आणि त्यांच्याकडे आधी जायचं हीच रीत. तेही केलं. मग पेणचा डॉक्टर म्हणाला, उशीर केलात, अलिबागला न्या. नेली. आंब्याच्या दिवसांत ती गेली. मला तिचं शेवटचं बोलणं वगैरे काही आठवत नाही, पुस्तकात लिहितात तसं. मला आठवतो तो तिचा पाण्याचा पितळी पेला, जो आईने नंतर घासलाच नाही. आई रडली नाही. ती कारखान्यात गेली आणि सगळ्या मूर्तींकडे पाठ करून बसली. "मी पुसाया लावला," एवढंच म्हणाली. आप्पांनी तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. सुतक फिटल्यावर त्यांनी माझ्या हातात कुंचला दिला. तेव्हापासून हात थरथरायला लागेपर्यंत आमच्याकडची आखणी मीच केली. पण मी आखणीला बसले की आई परसदारी निघून जायची. कढई उतरवायला कुणी राहिलं नाही.

सिनेमावाले केव्हाच गेले होते. फोटो मिळाला नाही. आप्पा दोनदा मुंबईला जाऊन मॅनेजरचं ऑफिस शोधून आले. तिथे कापडाचं दुकान झालं होतं. आता एकच आशा राहिली, सिनेमाची. आई दर थोड्या दिवसांनी विचारायची, "लागला काय गो?" जशी काही ताई कुठे गावाला गेलीय आणि त्या सिनेमाच्या गाडीने परत यायचीय.

शेवटी लागला तो रोह्याला. माझा मामा धाटावच्या कंपनीत होता. तिथल्या साहेबलोकांसाठी रोह्याच्या थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लावत. मामाने निरोप धाडला आणि आम्ही एसटीने निघालो. वडखळ, कासू, नागोठणं, आई सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिने ताईच्या आवडीचे पोह्याचे पापड डब्यात घेतले होते. कुणासाठी घेतलेस, असं विचारायची माझी छाती झाली नाही. थेटरात पुढे कंपनीची माणसं, मागे आम्ही. पडद्यावर आमची खाडी आली, मिठाच्या राशी आल्या, आणि मामा उगाच म्हणाला, "ते बघ, ते बघ." आईला त्यातलं काही नको होतं.

आणि मग हात आले. ताईचे. आख्ख्या पडद्याएवढे. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग, चुलीचा. कुंचला टेकला, रेघ निघाली, आणि मी खरंच सांगते, सवयीने माझा श्वास थांबला. आई खुर्चीच्या कडेवर आली. कॅमेरा मनगटावरून वर निघाला, कोपर, खांदा, पांढरा पदर, आणि वर तोंड आलं ते त्या नटीचं. "ही कोन?" आई ओरडली. मिठागराच्या बांधावरून ओरडायची तसं. "ही कोन गो? माजी शालन कुठंय?" पुढची माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी शूः केलं. आप्पा तिला धरून खाली बसवत होते आणि ती म्हणत होती, "थांबा, येल आता, मान वर करते ना ती." सिनेमा संपला. दिवे लागले. ताईचा चेहरा त्यांनी घेतलाच नव्हता. कापून टाकला होता, का ते कोण सांगणार आम्हाला?

आम्ही मामाकडे राहिलो, कारण पुढच्या रविवारी तोच सिनेमा पुन्हा होता आणि आई हलायला तयार नव्हती. त्या रविवारी आप्पा आत आलेच नाहीत. बाहेर चहाच्या टपरीवर बसले. मी आणि आई. हात आले तशी आईने आपला तळवा उचलला आणि डोळ्यांसमोर असा आडवा धरला की पडद्याचा वरचा भाग झाकला जाईल. नटीचं तोंड दिसणार नाही, हात तेवढे दिसतील. ते हात पडद्यावरून जाईपर्यंत तिने तळवा खाली घेतला नाही.

तो सिनेमा पुढे फार नावाजला म्हणे. अजूनही त्याला क्लासिक म्हणतात. मागच्या वर्षी माझा मुलगा संदेश, आता कारखाना तोच बघतो, धावत आत आला. त्या सिनेमाची नवी प्रत काढलीय आणि तो कसा बनवला त्याचा माहितीपट आलाय म्हणून. त्याने तो मोठ्या टीव्हीवर लावला. आई आता नव्वदीला टेकलीय, ऐकायला कमी येतं, पण मोतीबिंदू काढल्यापासून नजर माझ्यापेक्षा चांगली. माहितीपटात म्हातारी झालेली नटी होती. तिने सांगितलं की त्या सीनसाठी ती महिनाभर गावात डोळे काढायला शिकली आणि पडद्यावर दिसतात ते तिचेच हात. संदेश अर्थ सांगत होता. मी टीव्हीलाच शिव्या दिल्या. इतक्यात दुसरी एक बाई आली, पांढरेशुभ्र केस, हातात काठी. ती आमची फोटोवाली. ती हसून म्हणाली, नाही, ते हात नटीचे नव्हेत, गावातल्या एका मुलीचे होते. "त्या मुलीचं नाव मला कळलं नाही, पण तिचा फोटो मी टाकून देऊ शकले नाही." आणि तिने तो कॅमेऱ्यासमोर धरला.

"थांबव!" मी ओरडले. संदेशने थांबवलं. ताई. मूर्तीजवळ उभी, पांढरी साडी, हातात कुंचला, समोर बघतेय. एकोणीस वर्षांची. मी आता तिची आजी शोभेन. मला रडू आवरेना. संदेशने ते चित्र आणखी मोठं केलं. आई पुढे वाकली होती. ती रडेल, हाका मारेल, म्हणून मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डोले पिवले हायत."

मी म्हटलं, "फोटो जुना आहे गो आई. जुने फोटो पिवळे पडतात."

"बाजूचा गनपती बघ," आई म्हणाली. "त्याचे कसे पांढरे हायत."

बाजूच्या मूर्तीच्या डोळ्यांत नुसता पांढरा रंग भरलेला होता, रेघ अजून काढायची होती. तो खडूसारखा पांढरा होता. ताईची साडीही पांढरी होती. संदेश माझ्याकडे बघायला लागला. मी घाईघाईने म्हणाले, आणि मला वाटलं मी तिच्या छातीवरचा धोंडा उचलतेय, "आई, म्हणजे ती आधीच आजारी होती. अजून एकही डोळा काढला नव्हता, पुसायचं तर दूरच. तू पुसायला लावलंस म्हणून नाही झालं काही. इतकी वर्षं उगाच लावून घेतलंस."

"व्हय," आई म्हणाली. "देवानं काय नाय केला." तिचे हात मांडीवर तसेच उघडे होते. "हातात धरला व्हता गो मी ह्यो फोटो. साडी बघितली. सगल्यांना दाखवला. आनि उनात बसवली."

मी रिमोट उचलला, म्हटलं बंद करावं. आईने माझं मनगट धरलं.

"असू दे," ती म्हणाली. "तवा नाय बघितलं मी."